अख्खी सुपारी

कट्.

सारजाच्या अडकित्त्यात सुपारी तुटली आणि मघापासून घरात साचलेली शांतता तेवढ्याशा आवाजानं मोडली. टीव्ही तात्याबांनीच बंद केला होता. बंद करूनही ते रिमोट हातात धरून बसले होते. पुन्हा चालू केला तर मघाचं सगळं पुसलं जाऊन दुसरंच काही दिसेल, अशी आशा असल्यासारखे.

"पानाला लागंल," सारजा कुणाकडं न बघता म्हणाली. "पाव्हणं चारला येत्यात."

कट्. कट्.

स्वप्नाली माहेरच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला बेसन लागलेलं, ते आता वाळून बोटांना ओढ बसायला लागली होती. समोर पाटावर पितळी ताट. नारळ, हळकुंडं, हिरवा खण आणि मधोमध पाच अख्ख्या सुपाऱ्या. आज तिच्या धाकट्या भावाची, समर्थची सुपारी फुटायची होती. इंदापूरच्या रामरावांची सोनम आणि सणसरच्या तात्याबांचा समर्थ. दोन्हीकडची माणसं बसणार, सुपारी फोडणार, की झालं. मग लग्न मोडणं म्हणजे दोन गावांत तोंड दाखवायला जागा उरत नाही.

स्वप्नालीची श्रेया सकाळपासून त्या ताटाभोवती घुटमळत होती. सहा वर्षांची पोर, तिला नात्यांचं भारी वेड लागलं होतं. जळोचीहून येताना गाडीतच तिनं विचारून घेतलं होतं, सोनम माझी कोण लागणार? मामी. तिचे पप्पा कोण लागणार? तिच्या पप्पांची बहीण कोण? सुपारी फुटली की नवी माणसं आपली होतात, एवढं तिला पक्कं समजलं होतं.

बाहेर अंगणात समर्थ भाड्याच्या खुर्च्या मांडत होता. मघाचं टीव्हीवरचं भाषण खिडकीतून त्यालाही ऐकू गेलं होतं. खुर्च्यांचा खडखडाट कुठल्या शब्दाला थांबला, ते स्वप्नालीला बरोबर कळलं होतं. 'गोफण' या शब्दाला.

भाषण तिच्या थोरल्या दिरांचं. आमदार विजयसिंह. खरं तर ते आज इथं, या सतरंजीवर बसायचे होते. पण अधिवेशन एक दिवस वाढलं आणि शेवटच्या दिवशी सरकारनं दोन बिलं एकदमच पुढं आणली. एक शेतीपंपाला दिवसा आठ तास वीज देण्याचं. दुसरं अल्पवयीन गुन्हेगारांचं: सोळा वर्षांच्या वरच्या मुलानं गंभीर गुन्हा केला तर खटला थेट मोठ्यांच्या कोर्टात, साठ दिवसांत निकाल, आणि नोंद जन्मभर कायम. विरोधक म्हणाले, विजेचं आजच करा, पोरांचं समितीकडं पाठवा, दोन महिने विचार होऊ द्या. सरकार म्हणालं, दोन्ही आज होणार, ज्याला अडवायचंय त्यानं गावात जाऊन सांगावं की आम्हीच तुमची दिवसाची वीज अडवली.

विजयसिंह सरकारच्या बाजूचे. तरी ते उठले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, विजेच्या बिलाला माझा पाठिंबा आहे. पण दुसरं बिल घाई करण्याचं नाही. मी माझ्या नात्यातल्या एका मुलाचं सांगतो. नाव सांगणार नाही."

आणि नाव सोडून सगळं सांगितलं. इंदापूर तालुका. कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून झालेलं भांडण. बापाच्या अंगावर कोणी धावून आलं म्हणून सोळा वर्षांच्या पोरानं पाखरं हाकायची गोफण फिरवली. एक दगड. तिसऱ्या दिवशी तो माणूस गेला. पोरगा दोन वर्षं रिमांड होममध्ये. तिथल्या एका शिक्षकांनी वायरिंग शिकवलं. आज तो गावोगाव सोलर पंप बसवतो. "आणि अध्यक्ष महोदय, ज्या माउलीचा मुलगा गेला, तिच्या विहिरीवरचा पंपसुद्धा यानंच बसवला. हा मुलगा त्या दिवशी मोठ्यांच्या जेलमध्ये गेला असता तर आज आपल्याला कोण मिळालं असतं?"

भाषण चांगलं झालं होतं. स्वप्नालीला सगळ्यात जास्त तेच लागलं.

कारण हे त्यांना तिनं सांगितलं होतं.

तीन दिवसांपूर्वी, जळोचीला. भाऊजींची मुंबईला निघायची गडबड चाललेली आणि ती शेजारच्या त्यांच्या घरी दशम्या द्यायला गेली होती. तोवर त्यांना एवढंच ठाऊक होतं की स्वप्नालीच्या भावाचं लहानपणी काही भांडण झालं होतं. ती डबा ठेवून परत फिरली नाही. म्हणाली, "भाऊजी, ते पोरांचं बिल थांबवा."

"का गं?" त्यांनी बॅगेची चेन लावता लावता विचारलं. "लोकांना पायजे ते. सभेत टाळ्या पडतात."

मग ती बोलत गेली. विहिरीवरच्या पंपापर्यंत. त्यांनी बॅग बाजूला ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकलं. "नाव घेणार न्हाय," म्हणाले. तिचं समाधान झालं होतं. घरी येताना तिला हलकंही वाटलं होतं.

"दादा बोलला मातर भारी," आता दिग्विजय म्हणाला. स्वप्नालीचा नवरा, विरोधी पक्षाचा बारामतीतला पदाधिकारी. थोरल्या भावाशी राजकारणात बोलणं नाही आणि जेवायला मात्र एकाच पंगतीला. तो मोबाइलवर बोट फिरवत होता. "आमच्या लोकांनी क्लिप फिरवाय सुरुवात केली. सत्ताधारी आमदारच म्हणतोय घाई नको."

"थांबवा की ती," स्वप्नाली म्हणाली.

"मी कसा थांबवू? साडेतीनशे ग्रुपवर गेली." त्यानं मान वर केली. आवाज खाली आणला. "मी समर्थची गोष्ट सभेसाठी मागितली व्हती तवा न्हाय म्हणालीस. त्याला दिलीस."

"तुमी त्याचं पोस्टर केलं असतं."

"आन् त्यानं काय केलं?"

बेसनाचे हात तिनं पदराला पुसले.

"तुमचं दोघांचं ऱ्हाऊ द्या," तात्याबा म्हणाले. बारा वर्षं रात्रीच्या लाइटला मोटर चालू करायला जाऊन त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं शॉकनं कायमची बधिर झाली होती. रिमोट धरलेला त्यांना कळत तरी होता का कोण जाणे. "आमाला लाइट दिवसा पायजे. जल्मभर तेवढंच मागितलं. त्याच्या संगट हे पोरांचं कशाला आणून बांधलं? मी आता व्हय म्हणू का न्हाय म्हणू?"

"तेच तर त्यांना पायजे, मामा," दिग्विजय म्हणाला. "तुमाला न्हाय म्हणता येऊ नये."

"आन् तुमचं सरकार व्हतं तवा? तुमी दिली व्हय दिवसा लाइट?"

दिग्विजय हसला, ओशाळा. "न्हाय दिली."

"मग बसा गप."

कट्. सारजानं चिरलेली सुपारी वाटीत ओतली. "बनाबाईच्या वस्तीवरबी टीव्ही लागलेला असतोय दुपारी," ती म्हणाली.

तेवढंच म्हणाली आणि अडकित्ता मिटून ठेवला.

बनाबाई. हे नाव या घरात चालत होतं. तिच्या मुलाचं चालत नव्हतं. नऊ वर्षांत तो 'ते प्रकरण' होता, 'त्यो माणूस' होता, वकिलांच्या कागदावर 'मयत' होता. कालव्याच्या कडेच्या वाटेवर त्यानंच स्वप्नालीला सायकल शिकवली होती. सीट धरून पळायचा, आणि आपण सोडलंय हे सांगायचा नाही. लांबून त्याचं हसू ऐकू आलं की मग तिला कळायचं, आपण एकट्याच चालवतोय. तेवीस वर्षांचा होता गेला तेव्हा. भाऊजींना सांगताना तिनं कालवा सांगितला, गोफण सांगितली. सायकल सांगितली नव्हती.

ती अंगणात गेली. समर्थनं सगळ्या खुर्च्या मांडल्या होत्या, चाळीस, सरळ ओळीत, आणि शेवटच्या खुर्चीवर तो बसला होता.

"समर्थ, माझी चूक झाली."

"तुझा हेतू चांगला होता, ताई."

"हेतू घालू नको मधी."

तो पायाशी पडलेला सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळत राहिला. पंचवीस वर्षांचा झाला होता, पण सोळाव्या वर्षानंतर चेहरा जरा थांबल्यासारखा होता, परवानगी मिळाल्यावर पुढं जाऊ म्हणणारा.

"पंपाचं सांगायचं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "पंप बसवला त्या दिवशी बनाबाईनं मला पाणी दिलं होतं. हातात न्हाय, विहिरीच्या कठड्यावर तांब्या ठेवून गेली. मी ते कुणाला सांगितलं न्हाय. तुला एकटीला सांगितलं. आता तिला वाटंल, मी तेबी विकलं."

स्वप्नालीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि लगेच काढून घेतला.

"सोनमचा फोन?"

"तीन वेळा आला. मी घेतला न्हाय." मग जरा थांबून, "काय सांगू तिला?"

हे त्यानं दिवाळीतही विचारलं होतं. अगदी हाच प्रश्न. सोनमला भेटून आल्यावर म्हणाला होता, ताई, तिला सगळं सांगतो, मग काय ते ठरू दे. आणि स्वप्नालीनंच त्याला अडवलं होतं. कायद्यानं तुझी नोंद पुसलीय, ती काय उगाच? ज्या गोष्टीची सरकार दप्तरात खूण ठेवत नाही ती तू कशाला बोलून दाखवतोस? तिच्या मनात तेव्हा नुसती माया होती. जिथं सांगायचं तिथं तिनं सांगू दिलं नाही, आणि जिथं सांगायचं नाही तिथं स्वतःच जाऊन सांगून आली.

*

चारला दोन जीप यायच्या होत्या. पावणेपाचला एक मोटारसायकल आली.

रामराव एकटेच होते. इंदापूरच्या तहसीलमध्ये कारकून, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. गाडी स्टँडवर लावून त्यांनी चाळीस रिकाम्या खुर्च्यांकडं एकदा पाहिलं आणि चप्पल काढून घरात आले.

"हे कोण लागतात?" श्रेयानं लगेच विचारलं.

"पाणी आण जा," स्वप्नाली म्हणाली.

पाणी झालं. चहा झाला. उसाला तोड कधी, पाहुणे, वाटेत ट्रॅफिक होतं का, सगळं विचारून झालं. रामरावांनी कप खाली ठेवला.

"तात्या, मी फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. पर तसं बरं दिसत न्हाय."

"बोला, रामराव."

"आज अर्धी रजा टाकली व्हती. दुपारी निघताना हापिसात टीव्ही चालू व्हता. समदे बघत व्हते, लाइटचं बिल म्हणून. भाषाण संपलं आन् शेजारचा टेबलवाला मला म्हणाला, अहो, हे तर तुमच्या सणसरच्या पाव्हण्याचं. त्याला ठाव व्हतं. शिपायाला ठाव व्हतं. मला एकट्याला ठाव नव्हतं."

सारजा पदराचं टोक तोंडाशी धरून भिंतीला टेकली.

"तवा पोर लहान हुतं ओ," तात्याबा म्हणाले. "माझ्यासाठी झालं ते. माझ्या अंगावर फावडं उगारलं व्हतं त्यानं. सजा भोगली पोरानं."

"मी कुठं म्हणतोय, पोरगं वाईट हाय?" रामराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "कायदा मलाबी कळतो. नोंद पुसत्यात, ती कशासाठी पुसत्यात तेबी कळतं. पर ती सरकारच्या दप्तरातली, तात्या. तुमची-माझी सोयरीक दप्तरात व्हती का?"

दिग्विजय पुढं सरकला. "दादानं नाव घेतलं न्हाय, रामराव. आन् ते बिल थांबावं म्हणून..."

"तुमी दोघं भाऊ बिल थांबवा न्हायतर पळवा," रामराव त्याच्याकडं न वळता म्हणाले. "माझ्या लेकीची सुपारी हाय ही."

दिग्विजय मागं सरला.

"तुमी आदी सांगितलं असतं ना," रामराव म्हणाले, "तर मी आठ दिवस जेवलो नसतो. बायको रडली असती. आन् मग, खरं सांगतो, मी कदाचित व्हय म्हणालो असतो. पोराचं काम बघितलंय मी. आता कसं म्हणू? आता व्हय म्हणालो तर लोक म्हणत्याल आमदाराच्या भाषणाला भुलला. न्हाय म्हणालो तर माझंच मन खातंय."

"सोनम काय म्हणाली?" समर्थनं विचारलं. तो दारात उभा होता, आत आला नव्हता.

रामरावांनी त्याच्याकडं पहिल्यांदा सरळ पाहिलं. "रडली न्हाय. येकच म्हणाली. त्यांनी मला का सांगितलं न्हाय, एवढं इचारून या."

स्वप्नालीनं समर्थकडं पाहिलं. आता तो म्हणेल, ताईनं अडवलं. म्हणू दे, तिला वाटलं, म्हण बाबा, खरं तर तेच आहे. ती स्वतः बोलायला तोंड उघडणार, तोच समर्थनं तिच्याकडं बघितलं. एकदाच, आणि मान किंचित हलवली. नको.

"धीर झाला न्हाय, मामा," तो म्हणाला. "माझीच चूक."

"रामराव, तसं न्हाय, मीच..." स्वप्नालीनं सुरुवात केली.

"ताई, ऱ्हाऊ दे."

आणि ती राहिली. तिचं तिलाच नवल वाटलं, किती सहज राहिली ते.

"आता इचारतोच हाय तर," रामराव म्हणाले, "त्यो कोण व्हता? ज्याचं हे झालं. भाषणात समदं आलं, त्याचं मातर काय आलं न्हाय."

तात्याबांनी रिमोट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. सारजानं डोळे मिटले. समर्थ उंबरा ओलांडून आत आला, रामरावांच्या समोर गुडघे मोडून बसला.

"रतन," तो म्हणाला. "बनाबाईचा रतन. कालव्यापलीकडची वस्ती. येकुलता व्हता."

नऊ वर्षांनी ते नाव या घरात आलं. कुठं काही पडलं नाही, फुटलं नाही. ताटातल्या सुपाऱ्या ताटात होत्या. श्रेया तांब्या पोटाशी धरून सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होती.

रामराव उठले. "निघतो. सोनमला सांगतो तू काय म्हणालास ते. पुढं काय, ते मला आज इचारू नका."

"पान तरी खा," सारजा कसंबसं म्हणाली. वाटी पुढं केली. चिरलेली सुपारी, काठोकाठ.

रामरावांनी हात जोडले. त्या वाटीला जोडले की घराला, कळलं नाही.

*

मोटारसायकलचा आवाज मोठ्या रस्त्याला लागला आणि दिग्विजयचा मोबाइल वाजला. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "दोन्ही झाली. आवाजी मतदानानं. विजेचं आन् पोरांचं, धा मिनटांत."

"म्हंजी लाइट दिवसा येणार?" तात्याबांनी विचारलं.

"येणार, मामा."

"बरं झालं," तात्याबा म्हणाले. मग त्यांनी बधिर बोटं दुसऱ्या हाताच्या मुठीत धरली आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

थोड्या वेळानं स्वप्नालीचा फोन वाजला. भाऊजी. मागं गलका, गाड्यांचे दरवाजे, कुणीतरी साहेब साहेब म्हणतंय.

"स्वप्नाली, न्हाय जमलं गं. मी 'नाही' म्हणालो, पर एवढ्या 'होय'मधी ते कुणाला ऐकू गेलं असंल? पार्टीनं खुलासा मागितलाय." श्वास घेतला त्यांनी. "मी नाव घेतलं न्हाय हां."

"व्हय भाऊजी. ऐकलं मी."

"सुपारी फुटली का?"

तिनं ताटाकडं पाहिलं. "अजून न्हाय."

"फुटंल, फुटंल. त्या रामरावांना सांग, मी पुढल्या आठवड्यात येतो." ते खरंच आनंदात होते, थकलेले आणि आनंदात, बऱ्याच वर्षांनी एखादी खरी गोष्ट बोललेल्या माणसासारखे. तो आनंद तिच्यानं मोडवला नाही. तिनं फोन ठेवला.

अंगणात समर्थ खुर्च्या मिटवायला लागला होता. एकावर एक. दिग्विजयही गेला, शर्टाच्या बाह्या वर करून, न बोलता दुसऱ्या टोकापासून मिटवायला लागला. स्वप्नाली पाटाशी खाली बसली. हिरवा खण घडी घालून ठेवला. हळकुंडं पुडीत बांधली. सुपाऱ्यांना हात लावायचं होईना. देवापुढं ठेवाव्यात, डब्यात परत टाकाव्यात, का इथंच राहू द्याव्यात?

श्रेया येऊन तिच्या मांडीत शिरली. केसांना अजून सकाळच्या तेलाचा वास येत होता. तिनं एक सुपारी उचलली, तळहातावर गोल फिरवली, पुन्हा होती तिथं ठेवली. पलीकडं कालव्याच्या अंगाला, बनाबाईच्या विहिरीवरचा पंप उतरत्या उन्हातही चालू होता. पाणी हौदात पडल्याचा आवाज इथपर्यंत येत होता.

"आई," श्रेया म्हणाली, "रतन आपला कोण लागतो?"